डोंगरावरचे माहेर

आमच्या घराण्यात डोंगरावर जाऊन राहण्याची रीत कधी नव्हती. डोंगर होता तो देवाचा. विरारला जीवदानीच्या पायऱ्या चढायच्या, श्रावणात तुंगारेश्वरला जायचे, नवस फेडायचा असला तर वज्रेश्वरी गाठायची आणि दिवेलागणीच्या आत आपापल्या वाडीत परतायचे, एवढाच आमचा डोंगराशी संबंध. डोंगरावर बंगले बांधावेत ते साहेबांनी आणि शेठजींनी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधून काढले, १९०७ साली तिथे आगगाडीही गेली. पण आगाशी-बोळिंजच्या बागायतदाराला माथेरान ठाऊक होते ते पोरांच्या शाळेच्या सहलीपुरते. केळी आणि पानवेली सोडून चार दिवस थंड हवेला जाणारा माणूस आमच्याकडे आजारी तरी समजला जायचा, नाहीतर उधळ्या.

त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुतण्याचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला, 'डिसेंबरातला तिसरा शनिवार-रविवार, सगळ्यांनी जव्हारला यायचं, बंगला ठरवला आहे', तेव्हा पहिला प्रश्न थोरल्या आत्याने विचारला. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, "जव्हारला आपलं कोण आहे?"

कुणीच नव्हते. तिथे आपले कुणी नाही म्हणूनच तर तिथे जायचे ठरले होते, हे तिला सांगायचे कसे?

आजोबांना सात मुले. चार मुलगे, तीन मुली. त्यांचा विस्तार आता त्रेपन्न माणसांचा झाला आहे. कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला, दोघे पुण्याला, एक चुलतबहीण न्यू जर्सीत. त्रेपन्न माणसे एका वेळी टेकतील असे घर आता आमच्यापैकी एकाकडेही नाही. लग्नात गाठ पडते. पण लग्नात भेटायचे म्हणजे रांगेत उभे राहून व्यासपीठावर चढायचे, फोटो काढून खाली उतरायचे आणि हातात ताटली धरून एकमेकांना 'घरी कधी येतोस?' असे विचारायचे. दुसरी गाठ पडते ती मयताला, आणि ती काही बोलण्याची वेळ नसते. न्यू जर्सीच्या बहिणीने सांगितले की तिकडे कुटुंबेच्या कुटुंबे वर्षातून एकदा डोंगरातले लाकडी घर भाड्याने घेतात. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे दोन-तीन दिवस एकाच छपराखाली राहतात. पुतण्याने ते मनावर घेतले. आमच्या जिल्ह्यात थंड हवेचा डोंगर म्हणजे जव्हार. मुकणे राजांचे जुने संस्थान, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. महामार्गाने मनोर, तिथून विक्रमगड आणि पुढे घाटाची वळणे. डिसेंबरात तिथे खरोखरच अंगावर शाल घ्यावी लागते.

हल्ली अशी संमेलने पुष्कळ होतात. कुणी कर्जतला शेतघर घेते, कुणी केळव्याला समुद्रकाठी जमते. एकाच आडनावाची हजार माणसे मंगल कार्यालयात जमवून कुलसंमेलने भरवण्याची चाल तर आपल्याकडे चांगली जुनी आहे. या सगळ्याकडे पाहून माझ्या वयाची माणसे एक सुस्कारा सोडतात. आमच्या वेळी एकत्र येण्यासाठी बंगला भाड्याने घ्यावा लागत नव्हता, असे म्हणतात. मीही असेच म्हणत आलो. जव्हारहून परतल्यावर मात्र ते म्हणणे मला सोडून द्यावे लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ते जुने घर. त्याला मी अजिबात नावे ठेवणार नाही. लांबलचक ओटी, आत माजघर, मागे पडवी आणि पडवीच्या मागे बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरायचे, आजूबाजूच्या विहिरींना पाझर द्यायचे आणि उन्हाळाभर केळी, मोगरा, पानवेली जगवायचे. मे महिन्यात शनिवारी संध्याकाळच्या विरार गाडीने आत्या मुलाबाळांसह यायच्या. एक गिरगावहून, एक दादरहून, एक माहीम-केळव्याहून. रात्री ओटीवर ओळीने सतरंज्या पडत. पडवीत आढ्याला केळीचे घड टांगलेले असत आणि कोणता कधी पिकेल हे आम्हा पोरांना तोंडपाठ असे. राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळत घातलेली असत, त्यातली गायब होत. भांडणे होत, मिटत. कुणाचे पोर कुणाच्या ताटात जेवले याचा हिशेब नव्हता.

पण या चित्रात आजी कुठे होती? माझी आई, काकू कुठे होत्या? मी डोळे मिटून ते घर आठवतो तेव्हा ओटीवर मला आजोबा दिसतात, काका दिसतात, पाहुणे आलेले मामा-मावसे दिसतात. बायका दिसत नाहीत, त्यांचा आवाज येतो. तो स्वयंपाकघरातून. आजी पहाटेच्या गाडीने मोगऱ्याची टोपली घेऊन दादरच्या बाजाराला जाऊन यायची आणि आल्यावर चुलीपुढे बसायची. सुट्टीतले तीस माणसांचे रांधप तिच्या आणि सुनांच्या अंगावर. आत्या माहेरी विसावायला यायच्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याही नारळ खवायला बसलेल्या असायच्या. आम्ही ज्याला 'सगळे एकत्र जमायचो' म्हणतो, ते पुरुष एकत्र जमायचे ओटीवर आणि बायका एकत्र जमायच्या चुलीशी. दोन्ही जमावांची गाठ पंगतीत वाढताना पडायची, आणि तेव्हा एक जमाव बसलेला असे, दुसरा उभा.

ते घर गेले कसे, तेही सांगितले पाहिजे. आजोबा १९८८ साली वारले. १९९० मध्ये वसई-विरार परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले आणि बघता बघता वाड्यांच्या कडेने इमारती उभ्या राहू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरली होती. आम्हीही त्या मोर्च्यांत चाललो, घोषणा दिल्या. आणि १९९६ साली आमच्याच घरावर एका बांधकाम व्यावसायिकाने बोली लावली तेव्हा चौघा भावांनी महिनाभर विचार करून होकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. केळीला भाव नव्हता, वाडीला गडी मिळत नव्हते, विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले होते आणि प्रत्येक घरात एकेक मुलगा लग्नाचा होता.

मिळकत विकायची तर सात-बारावरची नावे मोकळी हवीत. तिथे तीन नावे अडत होती. तिन्ही आत्यांची.

इथे कायदा थोडा समजून घ्यावा लागतो, कारण पुष्कळ घरांत तो अजूनही अर्धवट सांगितला जातो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या पश्चात त्याच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला. मात्र वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्मतःच भागीदार, मुलगी नाही, अशी स्थिती राहिली. महाराष्ट्राने यात इतर अनेक राज्यांच्या आधी पाऊल टाकले. २२ जून १९९४ पासून इथे मुलींनाही जन्मतः भागीदारी मिळाली. पण त्या तारखेच्या आधी जिचे लग्न झाले ती यातून वगळली गेली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्माने येतो, २००५ साली तिचे वडील हयात असोत वा नसोत. झालेली पक्की वाटपे मात्र यामुळे उकरून निघत नाहीत. म्हणजे १९९६ साली आमच्या आत्यांचा वाटा भावांइतका नव्हता, पण होता. आणि जो होता तो सोडून देण्यासाठी हक्कसोडपत्र नावाचा कागद असतो.

तो कागद वकिलाकडून तयार करून आणला मी. तेव्हा मी तिशीत होतो, इंग्रजी-मराठी कागद वाचू शकणारा घरातला हुशार मुलगा. तिन्ही आत्यांना रिक्षाने नोंदणी कचेरीत मीच नेले. सह्या झाल्या, अंगठ्याचे ठसे झाले. बाहेर आल्यावर काकांनी सगळ्यांना हॉटेलात जेवू घातले आणि तिघींना एकेक साडी घेतली. आत्या हसतमुख होत्या. 'भावाचं चांगलं व्हावं, आम्हाला काय कमी आहे?' असे मधल्या आत्याने म्हटल्याचे मला आठवते. पावशेर पेढे घेऊन आम्ही घरी आलो. त्यानंतर जवळपास तीस वर्षांत या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही. भावांना फ्लॅट मिळाले, आम्ही मुले मार्गी लागलो. मधली आणि धाकटी आत्या गेल्या, माझे वडील गेले. सात भावंडांतली आता दोनच उरली आहेत, थोरली आत्या आणि धाकटे काका.

आता जव्हार. बंगला जुना, कौलारू, पुढे मोठे अंगण आणि दरीकडे उघडा व्हरांडा. पहिले दोन-तीन तास आम्ही सगळे अवघडलेलो होतो. पोरांनी एकसारखे बनियन छापून आणले होते, ते घालून म्हातारी माणसे आणखीच अवघडली. चहा कुणी करायचा, हेही कुणाला कळेना. जुन्या घरात ते विचारावे लागत नसे; सून उठायची. इथे सून कोण? सगळ्याच पाहुण्या. एक वहिनी सवयीने उठून स्वयंपाकघराकडे गेली आणि दारातून परत आली, कारण डबे कुठे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. ती येऊन खुर्चीत बसली. मग दुसरी बसली. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका दिवसाउजेडी एकाच वेळी व्हरांड्यात बसलेल्या मी जन्मात पहिल्यांदा पाहतो आहे.

याचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. त्या बसल्या, कारण दुसरी एक बाई उभी होती. बंगला सांभाळणाऱ्याची बायको नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. त्यांचे गाव जवळच्याच पाड्यावर. नवरा बोलका होता. वसईचे आहोत म्हटल्यावर म्हणाला, "आमी व्हतो ना तिकडं, इमारतीच्या कामावर." जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात, हे आम्ही नाक्यानाक्यावर पाहत आलो आहोत. आमच्या वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीची रेती याच्यासारख्याच कुणाच्या तरी डोक्यावरून चढली असणार. आमची माणसे त्यांच्या डोंगरावर हवा खायला आली आणि त्यांची माणसे पोटासाठी आमच्या सपाटीवर उतरतात. इथे पाऊस धो धो पडतो, पण मार्च उलटला की याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन कोस कोस चालतात. त्रेपन्न माणसांनी सकाळी किती पाणी ओतले याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला आणि दुसऱ्या दिवशी आंघोळी एकेका बादलीत आटोपल्या.

संध्याकाळचे जेवण मात्र आम्ही आमचे करायचे ठरवले होते. उकडहंडी. आमच्या वाडवळ मंडळींचा तो हिवाळ्यातला मानाचा पदार्थ. कोनफळ, रताळी, वालपापडी, लहान वांगी, कच्ची केळी, सगळ्याला ओले खोबरे आणि हिरव्या मिरचीचे वाटण चोळून मडक्यात थर लावायचे, तोंड पाल्याने घट्ट बंद करायचे आणि विस्तव करून शिजू द्यायचे. हे काम पुरुषांनी केले. रताळी सोलताना दोघांनी बोटे कापून घेतली, मीठ कमी पडले, एक मडके एका अंगाने करपले. व्हरांड्यातून सूचना येत होत्या, हसणे येत होते. तसे हसणे जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून कधीमधी ऐकू यायचे. पण आपण ओटीवरून आत डोकावले की ते बंद व्हायचे. इथे ते बंद झाले नाही.

रात्री शेकोटी पेटवली. पुतण्याने मोठ्या हौसेने घराण्याची वंशावळ एका कापडी फलकावर छापून आणली होती. ती व्हरांड्याच्या दोन खांबांना बांधली. वर आजोबा-आजी, खाली सात फांद्या. चार फांद्यांना पुढे फांद्या, त्यांना पुढे पाने, सगळे छान हिरव्या रंगात. वंशावळीची आमच्या भागाला जुनी हौस आहे. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेल्या महिकावतीच्या बखरीत याच उत्तर कोकणात बिंबराजाबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या आहेत. आमचे आजोबा त्या बखरीचे नाव काढून छाती काढून बसत. त्या याद्या कुळांच्या आहेत, लेकींच्या नव्हेत. आणि आमचा पुतण्या कितीही संगणक शिकला तरी त्याने फलक त्याच वळणाने काढला होता.

आत्या काठी टेकत फलकाजवळ गेली. डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असल्यामुळे तिला आता बारीक अक्षरही दिसते. तिने आपले नाव शोधले. त्याखाली सासरचे गाव कंसात लिहिले होते आणि फांदी तिथे थांबली होती. तिचे मुलगे, मुलगी, नातवंडे, अशी अकरा माणसे तिथेच शेकोटीभोवती बसली होती. नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "मी इथंच संपले का रे?"

पुतण्या चाचरला. "आत्याआजी, वंशावळीत तसंच असतं."

"असतं खरं," ती म्हणाली आणि परत येऊन खुर्चीत बसली. मग कुणाकडे न पाहता, विस्तवाकडे पाहत ती बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी मी सही केली ती राजीखुशीनं केली. कुणी जबरदस्ती नाही केली. पण तुला काय वाटतं, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सहीच केली असती. साडी घेऊन दिली. साडी चांगली होती. मी ती नेसले नाही कधी. तिघींपैकी कुणीच नेसलो नाही."

कुणी काही बोलले नाही. धाकटे काका खाली मान घालून बसले होते. मला त्या रिक्षातला वास आठवला, हातातली कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आठवली. 'सह्या झाल्या की मोकळे' असे मी आत्याला म्हणालो होतो, तेही आठवले. थोड्या वेळाने मी उठून तिच्याजवळ गेलो आणि कागद मी आणले होते, असे म्हणालो. ती म्हणाली, "ठाऊक आहे की. तू माझा हात धरून पायऱ्या चढवल्यास."

वाचकहो, हे सगळे त्या जुन्या घराच्या ओटीवर घडले असते, असे तुम्हाला वाटते का? मला नाही वाटत. तिथे आत्या माहेरवाशीण होती. माहेरवाशिणीने चार दिवस यावे, गोड खावे, गोड बोलावे, ओटी भरून घ्यावी आणि जावे. भावाच्या घरात बसून भावाचा हिशेब काढणारी बहीण आपल्याकडे वाईट ठरते. भावाच्या फ्लॅटमध्येही ती बोलली नसती, कारण तो फ्लॅट कशातून आला हे दोघांनाही ठाऊक होते. तिच्या स्वतःच्या मुलाच्या घरी बोलली असती तर मुलाने शिकवले, असे झाले असते. ती बोलली, कारण जव्हारचे ते घर कुणाचेच नव्हते. तिथे कुणी यजमान नव्हता आणि म्हणून कुणी पाहुणी नव्हती. तिथे प्रत्येकाची खुर्ची सारखीच भाड्याची होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की या डोंगरावरच्या, शेतघरातल्या संमेलनांना हसू नये. वडिलोपार्जित घर गेल्याचे दुःख खरे आहे, बावखले बुजल्याचे दुःख तर सबंध गावाचे आहे. पण त्या घरातली एकी काही जणांच्या गप्प राहण्यावर उभी होती, हे आपण कबूल केले पाहिजे. परक्या छपराखाली ते गप्प राहणे सुटू शकते. जगात सगळीकडेच माणसे वर्षातून एकदा मुळाकडे परततात. चिनी माणसे नव्या वर्षाला, जपानी माणसे ओबोनच्या दिवसांत. मूळ गाव उरले नसेल तर मुळे आपल्याबरोबर दुसरीकडे न्यावी लागतात. मात्र नेताना त्यातली कीडही पाहून घ्यावी.

पण नुसता बंगला घेऊन हे होत नाही. दोन दिवस तंबोला, अंताक्षरी आणि एकसारखे बनियन यांतच घालवले तर ती सहल होते. चांगली होते, पण सहलच. असे जमणाऱ्या घरांना, आमच्या चुकांवरून शिकून, मी चार गोष्टी सुचवीन. एक, वर्गणी डोक्यावर घेऊ नये, मिळकतीवर घ्यावी. आमच्यात एक चुलतभाऊ रिक्षा चालवतो; चार माणसांची सारखी वर्गणी त्याला जड जाणार होती आणि तो 'पोरांची परीक्षा आहे' म्हणून टाळणार होता. हे वेळेवर कळले म्हणून तो आला. दोन, एक वेळचे जेवण पुरुषांनी करावे, करपले तरी चालेल. ज्यांच्या हातचे बाकीचे जेवायचे त्यांना मजुरी पुरेपूर द्यावी आणि त्यांच्या पाण्याचे भान ठेवावे. तीन, वंशावळ काढायची तर लेकींच्या फांद्या पुढे न्याव्यात. आडनाव बदलल्याने रक्त बदलत नाही. चार, आणि हे सर्वांत अवघड, एक तास असा ठेवावा की ज्यात कुणीही काहीही विचारावे आणि कुणी उठून जाऊ नये.

'झाले गेले उकरून काय मिळणार?' असे काही जण म्हणतील. आमच्या घरातही दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी तसे म्हटलेच. कायद्याने खरोखरच काही मिळणार नाही. १९९६ चा कागद पक्का आहे आणि आत्यालाही कुणाकडून काही नको आहे. पण वाडीतला बावखलाकडचा पाच गुंठ्यांचा तुकडा अजून विकला गेलेला नाही. तो त्या वेळच्या व्यवहारात आला नव्हता, हक्कसोडपत्रातही त्याचा उल्लेख नाही. गेली दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक येत आहे. आम्ही चुलतभाऊ आपापसांत फोनवर बोलत होतो, आणि खरे सांगायचे तर त्याही वेळी बोलण्यात एकच वाक्य होते, 'बहिणींच्या सह्या घेऊन टाकू.' म्हणजे तीस वर्षांत मी काही शिकलो नव्हतो. रविवारी सकाळी त्या व्हरांड्यात पहिल्यांदा तो विषय सगळ्यांपुढे निघाला, आत्यांच्या मुलांपुढेही. निर्णय काही झाला नाही. कुणी म्हणाले विकू, कुणी म्हणाले बावखल साफ करून ठेवू. आवाज चढले, एक बहीण रडली, एक मेहुणा रागावून फिरायला निघून गेला आणि तासाभराने राजवाड्याचे फोटो काढून परत आला. पण विकायचे की ठेवायचे हे आता सगळ्यांना विचारल्याशिवाय होणार नाही, एवढे ठरले. घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच ठरले आहे.

पुतण्याने फलक उतरवला आणि जाड पेनाने तीन फांद्या पुढे ओढायला घेतल्या. जागा पुरेना, तेव्हा पोरांनी खाली वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. फलक आता छापलेला दिसत नाही, पण पुरा आहे.

निघायच्या वेळी हिशेब झाला. हिशेबनीस चुलतभाऊ वही घेऊन व्हरांड्यात बसला होता. आत्याने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पाचशेच्या दोन नोटा त्याच्यापुढे धरल्या.

"आत्या, तुझ्याकडून कसे घेणार?" तो म्हणाला. "तू पाहुणी."

"पाहुणी असेन तर पुढल्या साली येत नाही," आत्या म्हणाली. "लिही वहीत. माझा हिस्सा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने नोटा घेतल्या, वहीत तिचे नाव लिहिले आणि पुढे रक्कम मांडली.